मार्लेनी किलिचेने सभेला विचारलं

कंपनीत नोकरी धरू का, असं आमच्या सुरोपाता गावात आजवर एकाच माणसाने विचारलं. बाकीचे न विचारता गेले. कंपनी म्हणजे डोंगरावरची खाण; ती आल्यापासून आमचे झरे आटत चाललेत.

लेओविकाकांचा थोरला मुलगा कंपनीचा ट्रक चालवतो. लेओविकाका आमच्या गस्तीचे अध्यक्ष. गस्त म्हणजे आमची चौकी, आमचं कोर्ट आणि आमची सभा, सगळं एकच. मुलगा पहाटे घरून निघायचा तेव्हा त्याचं हेल्मेट बटाट्यांच्या पोत्यात असायचं. वाटेत कोणी विचारलं, "कुठे रे?" तर तो सांगायचा, "बाजाराला." बाजार फक्त रविवारी भरतो. तो रोज जायचा. पुढे कोणी विचारत नसे. सोयलामावशीचे दोन भाचे खाणीवरच्या स्वयंपाकघरात भांडी घासतात. ते मावशीलाही माहीत आहे आणि आम्हालाही. पण जे सभेसमोर आलं नाही ते घडलेलं नाही, असं आमच्याकडे धरतात. यात फसवाफसवी नाही. गाव असंच चालतं.

राजधानीत, लिमात, नऊ वर्षं राहून मार्लेनी हे विसरली, असं आता लोक म्हणतात. ती विसरली नव्हती.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही एकाच वाटेने खालच्या गावातल्या शाळेत जायचो. ती पुढे, मी मागे. तिने त्रुहियोला रसायनशास्त्र केलं आणि लिमातल्या एका सरबताच्या कारखान्यात लागली. तिथे ती पाणी तपासायची. "दिवसभर पाणी तपासते आणि संध्याकाळी पाणी विकत घेऊन घरी जाते," असं ती सांगायची. मी काहामार्कात साहित्य शिकलो आणि गावच्या शाळेत मास्तर झालो. मी परत आलो तेव्हा लोकांनी विचारलं, या डिग्रीने काय होतं. मार्लेनीने फोनवर विचारलं, सध्या काय वाचतोयस. असं विचारणारी ती एकटीच.

ती परत आली ती वडिलांसाठी. अंतेनोरकाका तरुणपणी दुसऱ्या एका डोंगराच्या पोटात, जुन्या बोगद्यात काम करत. तो बोगदा केव्हाच बंद पडला. त्यातली धूळ काकांच्या छातीत राहिली. गेल्या वर्षी त्यांना अंगणातून चुलीपर्यंत चालणं जमेना. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, यांना खाली समुद्राकाठी न्या, तिथे हवा दाट आहे, इथल्या उंचीवर यांना नळीतूनच हवा द्यावी लागेल.

"लिमात मेलेल्याला भिंतीतल्या कप्प्यात सरकवतात," काका म्हणाले. "मी काय मिठाची बरणी आहे, फडताळात ठेवायला? मी इथल्या मातीत जाणार."

आई नव्हती. भाऊ चिलीत, सणाला फोन करणारा. म्हणून मार्लेनी आली.

ऑक्सिजनचा सिलिंडर शहरातून यायचा, व्हॅनच्या टपावर, मेंढ्यांच्या शेजारी बांधून. ड्रायव्हर दर वेळी कुरकुरायचा. म्हणायचा, हा फुटला तर मेंढ्यांचे पैसे कोण देणार. सिलिंडर संपत आला की मार्लेनी दोन रात्री झोपायची नाही. साठवलेलं संपत चाललं होतं. गावात तिच्या शिक्षणाला काम नव्हतं. शहरात होतं, पण रोज जाऊन येण्यासारखं अंतर नव्हतं.

तेव्हा कंपनीची जागा निघाली. खाणीखालच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम. दर आठवड्याला ओढ्यांचं, झऱ्यांचं, आमच्या पाटाचंही पाणी बाटलीत भरायचं आणि त्यात काय आहे ते बघायचं. आसपासच्या गावातलीच शिकलेली बाई हवी होती. अशी एकच होती.

तिथले इंजिनियर बार्रेदा म्हणून. आरेकिपा शहराचे. हळू आवाजात बोलणारे. त्यांनी तिला सांगितलं की कंपनीचा विमा आईवडिलांनाही लागू होतो. ऑक्सिजन दारात येईल, वर हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्रही मिळेल. महिनाअखेर कळवा म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरामागच्या दगडी बांधावर बसलो होतो. मांडीवर ताटली घेऊन ती शेंगा सोलत होती.

"लिमाला परत गेले तर पैसे पाठवीन," ती म्हणाली. "पण नळी कोण बदलणार?"

"इथेच राहिलीस तर?"

"तर नळी मी बदलीन. सिलिंडर कुठून आणू?"

"आणि कंपनीत गेलीस तर?"

"तर सगळंच आहे." तिने एका शेंगेची उगाच उघडझाप केली. "जिथे सगळं असतं तिथे मला भीती वाटते, विल्देर. तिथे काहीतरी ठेवून यावं लागतं."

मी म्हटलं, "तू विचारू नकोस कोणाला. सरळ जायला लाग. हेल्मेट पोत्यात घाल."

ती हसली. "मला पांढरा कोट देणार आहेत. बटाट्यांत मळेल तो."

"वरून लोकरी पोंचो घाल."

"आणि उन्हाळ्यात?"

आतून खोकला आला. मग काकांचा आवाज. "मास्तर, तिला आत पाठव. तूही ये."

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, डोक्यावर गवती टोपी. ती ते झोपतानाच काढत.

"या घरातून चोरून कोणी काही केलेलं नाही," ते म्हणाले.

"चोरून नाही हो बाबा. सगळेच असे—"

"सगळ्यांनी गस्त काढली नव्हती. मी काढली. मी आणि लेओविच्या बापाने." त्यांना मध्ये थांबावं लागे. नळीतून श्वास भरून घेऊन मग पुढचं वाक्य. "गुरं चोरीला जायची तेव्हा पोलीस कुठे होते? आम्ही रात्री काठ्या घेऊन फिरलो. तेव्हा ठरलं, ज्याला जे करायचं ते सभेत सांगून करायचं. आता माझीच पोरगी पोत्यात हेल्मेट घालून जाणार?"

"सभा नाही म्हणाली तर?"

"तर जाऊ नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी मरेन. त्यात काय आहे?"

"तुम्ही सगळं सोपं करून ठेवता," मार्लेनी म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मला तेव्हा वाटलं की ती विचारणार नाही. वडिलांना हो म्हणेल आणि सोमवारी गुपचूप जायला लागेल. पण शनिवारी ती चघळायची कोकाची पानं आणि उसाच्या दारूची बाटली घेऊन माझ्याकडे आली. बाहेरगावाहून कायमचं परत आलेल्या माणसाने हे सभेपुढे ठेवायचं असतं. हल्ली कोणी ठेवत नाही. येणारेच कमी.

"खरंच विचारणार आहेस?" मी म्हटलं.

"त्यांच्यासाठी नाही. मला इथे राहायचंय," ती म्हणाली. "लपून राहायचं असतं तर लिमा काय वाईट होतं?"

सभा दर रविवारी शाळेच्या पटांगणात भरते. पुरुष भिंतीच्या कडेला, बायका गवतावर, सूत कातत. मार्लेनीने शाल अंथरली, त्यावर पानांची रास ओतली, शेजारी बाटली ठेवली. मग उभी राहून तिने विचारलं. सरळ शब्दांत. वडील आजारी आहेत, काम पाण्याचं आहे, कंपनीत जाऊ का.

कोणी पानाला हात लावला नाही. पान तोंडात घातलं की उत्तर द्यावं लागतं. लोक आपापल्या चपलांकडे बघत राहिले. भिंतीकडच्या किती जणांची मुलं, जावई, पुतणे खाणीवर होते ते मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

शेवटी सोयलामावशी बोलली. चाती फिरवत, वर न बघता.

"नऊ वर्षं विकतचं पाणी प्यायलीस. आता आमचं मोजायला आलीस होय?"

बायका हसल्या.

"मोजू दे की," मागून कोणीतरी म्हणालं. "वरचा झरा बोटभर झालाय. निदान किती उरलंय ते कळेल."

"कळून काय करणार? परत ओतणार?"

"गप बसा," लेओविकाका म्हणाले. चाबूक नेहमीसारखा खांद्यावरून तिरका. त्यांनी मार्लेनीकडे बघितलं. रागाने नाही. आपल्याच जनावराने भर रस्त्यात बसकण मारली की बघावं तसं. "पुढच्या रविवारी बघू पोरी."

सभा उठल्यावर त्यांचा थोरला नळावर तिच्याजवळ आला. मी तिथेच होतो.

"तुला काय अडलं होतं गं?" तो म्हणाला. "आता माझंही निघेल."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"घ्यावं लागतं का?"

त्या आठवड्यात अंतेनोरकाकांच्या दारातल्या बाकावर रोज संध्याकाळी माणसं येऊन बसली. पानं चघळली, चुना काढला, पावसाचं बोलली, बटाट्याच्या किडीचं बोलली. नोकरीचा विषय कोणी काढला नाही. काका खुशीत होते. "बघ," मला म्हणाले, "विचारलं की माणसं जवळ येतात."

दुसऱ्या रविवारी काकांनी हट्ट धरला. दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पटांगणात आणलं. सिलिंडर मी ढकलत नेला. मार्लेनीने तीच पानं आणि बाटली पुन्हा मांडली.

लेओविकाका उभे राहिले. त्यांनी आधीच चार जणांशी बोलून ठेवलं होतं, ते दिसत होतं.

"कंपनीत जाऊ का, असं ती विचारते," ते म्हणाले. "आम्ही म्हणतो, जा. पण आपली आपण जाऊ नकोस. आम्ही पाठवतो म्हणून जा. आपल्या पाण्यात काय आहे ते आजवर आपल्याला कोणी सांगितलं नाही. ती बघेल आणि दर रविवारी इथे येऊन सांगेल. हे तिचं पद."

भिंतीकडून टाळ्या सुरू झाल्या.

मार्लेनीचा चेहरा उतरला. "काका, मी नोकरीचं विचारलं. पद नाही मागितलं."

"पद मागून मिळत नसतं पोरी. मागितलं असतं तर दिलं नसतं."

लोक हसले. चांगलं हसले, मनापासून. आमच्याकडे सभेने दिलेलं पद नाकारता येत नाही. नाकारलं तर घराची पाण्याची पाळी जाते. पण त्या क्षणी कोणी धाक घालत नव्हतं. सगळ्यांना बरं वाटत होतं. लेओविकाकांनी राशीतली मूठभर पानं उचलली आणि तिच्या ओंजळीत घातली.

तिने वडिलांकडे बघितलं. काका खुर्चीत ताठ बसले होते. टोपी मांडीवर काढून ठेवलेली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

मार्लेनीने एक पान तोंडात घातलं.

मग सगळे पुढे आले. पानं संपली, बाटली संपली. सोमवारी पहाटे लेओविकाकांचा थोरला कामावर निघाला तेव्हा हेल्मेट डोक्यावर होतं.

त्याच सोमवारी मार्लेनी बार्रेदांकडे गेली. त्यांनी तिला कॉफी दिली.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुमच्या गावाने तुम्हाला नेमलंय म्हणे."

हे त्यांना कोणी सांगितलं ते तिने विचारलं नाही. खाणीवरच्या स्वयंपाकघरात आमच्या गावची दोन माणसं होती.

"एक गोष्ट आधीच बोलून घेऊ," ते म्हणाले. "इथले आकडे इथून बाहेर जात नाहीत. कोणाकडूनच. मी माझ्या बायकोला सांगत नाही. त्यावर सही करावी लागते. नोकरी सोडल्यावरही ती सही लागू राहते."

"आणि गावाला?"

"गावाला दर वर्षी पुस्तिका मिळते ना? चित्रांची."

"मी सही केली नाही तर?"

"तर मला वाईट वाटेल," बार्रेदा म्हणाले. "घाई नाही. शुक्रवारपर्यंत विचार करा."

हे सगळं तिने मला आवाज न चढवता सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, हे दोनदा सांगितलं.

"मग आता?" मी विचारलं.

"सही नाही केली तर नोकरी नाही. नोकरी नाही तर पद टाकल्यासारखं. पाळी जाईल. सही केली तर नोकरी आहे, पण पद खोटं."

"त्यांना सांग ना, मला हे माहीत नव्हतं."

"कोणाला सांगू? पद दिलं ते परत कुठे ठेवतात?"

मी साहित्य शिकलेला माणूस. मला वाटत होतं की नीट शब्द सापडले तर यातून वाट निघेल. रात्रभर शोधत होतो. सापडले नाहीत.

बुधवारी रात्रभर पाऊस झाला आणि रस्त्यावर दरड आली. व्हॅन बंद. सिलिंडरचा काटा खाली आला होता. सकाळी मी गेलो तेव्हा काकांचे ओठ निळे होते. बोटंही. ते दाराकडे बघत होते. मार्लेनी आणि मी दरडीवरून चालत खालच्या गावच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक अर्धा सिलिंडर होता. बाळंतिणींसाठी ठेवलेला. नर्सने तो दिला, पण आमच्याकडे न बघता दिला. आम्ही तो चादरीत बांधून आळीपाळीने पाठीवर आणला.

दुपारी काकांच्या ओठांना रंग आला. मार्लेनीने हात धुतले, केस विंचरले आणि खाणीकडे चालत गेली.

दुसऱ्या दिवशी दरड उपसली गेली आणि कंपनीची पांढरी गाडी तिच्या दारात आली. दोन माणसांनी यंत्र उतरवलं, तीन भरलेले सिलिंडर उतरवले. सगळं गाव कामं टाकून बघत होतं. यंत्राची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू यायची.

"रविवारी सांगणार आहे," ती मला म्हणाली.

"सांगू नकोस. अजून काही सापडलं नाही म्हण."

"आणि सापडलं तर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"दर रविवारी?" तिने विचारलं.

रविवारी ती सभेत उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते, उत्सुकतेने, लहान मुलं गोष्टीसाठी बघतात तशी. ती म्हणाली, मी सही केली आहे. पाण्यात काय आहे ते मला कोणालाही सांगता येणार नाही. आज नाही आणि नंतरही नाही.

चात्या थांबल्या.

"मग पद घेतलंस कशाला?" एकाने विचारलं.

"मला माहीत नव्हतं."

"नऊ वर्षं कारखान्यात होतीस आणि माहीत नव्हतं?"

मला वाटतं, तिला थोडं माहीत असावं. तिने डोक्यावरची टोपी काढली, गवतावर ठेवली आणि लेओविकाकांसमोर गुडघे टेकले.

"मला शिक्षा द्या," ती म्हणाली.

आमच्याकडची शिक्षा म्हणजे चाबकाचे फटके आणि डोंगरावरच्या तळ्यात बुडी. पाणी बर्फासारखं असतं. पण बुडी झाली की ज्याने फटके मारले तोच आपला पोंचो काढून त्या माणसाच्या अंगावर घालतो. गरम सूप देतात. माणूस एकेकाला मिठी मारतो आणि आभार मानतो. त्यानंतर ती गोष्ट कोणी पुन्हा काढत नाही. गाय चोरलेली असो, बायकोला मारलेलं असो. तिथे संपतं. कित्येक जण गुन्हा करून स्वतःहून येतात, संपवून टाकायला.

लेओविकाकांचा हात चाबकाकडे गेला नाही.

"उठा, इंजिनियरबाई," ते म्हणाले.

ते तिला जन्मापासून पोरी म्हणत आले होते.

"काका, मला फटके द्या. कितीही द्या."

"शिक्षा आपल्या माणसाला असते," लेओविकाका म्हणाले. टोचून नाही. एखादा नियम सांगावा तसं. मग त्यांनी भिंतीकडे बघून विचारलं, "त्या गाढवाचं काय झालं?"

कोणाच्या तरी गाढवाने कोणाचा तरी सातू खाल्ला होता. त्याची चर्चा सुरू झाली. बरीच लांबली. सातू किती, गाढव बांधलेलं होतं की सुटलेलं. मार्लेनी तोवर तशीच गुडघ्यांवर बसून होती. तिच्या अंगावरून प्रश्न इकडून तिकडे जात होते. गाढवाचा निकाल लागला, लोक उठले, तिला वळसा घालून गेले. सगळे गेल्यावर मी तिची टोपी उचलून दिली.

तिच्या घराची पाण्याची पाळी कोणी काढली नाही. तिला कोणी काही बोललं नाही. मला आधी वाटलं, निभावलं.

पुढच्या महिन्यात गावच्या संताचा सण आला. सणाला चर्चसमोर लांब कापड अंथरतात आणि प्रत्येक घर आपापले उकडलेले बटाटे, मका, चीज त्यावर ओततं. कोणाचं काय ते उरत नाही. सगळे कडेने बसून हाताने खातात. मार्लेनी शालीत बटाटे बांधून आली. गाठ सोडायला वाकली तर सोयलामावशीने तिचा हात धरला. हळूच धरला.

"राहू द्या बाई," मावशी म्हणाली. "तुम्ही तिकडे बसा."

तिकडे खुर्च्या होत्या. कंपनीकडून आलेले बार्रेदा एका खुर्चीत होते. मार्लेनीला शेजारची दिली. तिच्या हातात बशी दिली, त्यात भाजलेला कुय, म्हणजे गिनीपिग, त्याचा मागचा मऊ भाग, पाहुण्याला देतात तो. तिने सगळं खाल्लं. बशीत हाडंच उरली.

"छान झालंय," बार्रेदा तिला म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

काकांना हे कोणी सांगितलं नाही. पण त्यांच्या दारातला बाक रिकामा राहायला लागला होता. यंत्रामुळे त्यांची तब्येत सुधारली होती. अंगणात येऊन बसता यायचं. ते पानांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. रस्त्याने लोक जायचे, टोपीला हात लावायचे, "बरं आहे ना?" म्हणायचे, पुढे जायचे. मी रोज जात होतो. पण मी मास्तर, मला पान चघळता येत नाही, चुन्याने तोंड येतं.

"लेओवि आजारी आहे का?" काकांनी एकदा विचारलं.

"नाही."

"सोयला?"

"नाही, काका."

त्यांनी पिशवीची नाडी ओढून बंद केली.

त्या रात्री जेवताना त्यांनी मार्लेनीला विचारलं. मी समोरच होतो. चूल आणि यंत्र, दोन्हींचा आवाज.

"पाण्यात काय आहे गं?"

ती ताट घेऊन उठली. "बाबा, तुम्ही नका विचारू."

"मी बाप आहे तुझा."

"म्हणूनच."

"हं," काका म्हणाले. बराच वेळ सूप चमच्याने ढवळत राहिले. ते सूप त्याच पाटाच्या पाण्याचं होतं. मग त्यांनी ते प्यायलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना त्यांनी मला हाक मारली. मार्लेनी कामावर होती.

"लिमाला व्हॅन कितीला सुटते रे?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "आता काय समुद्र बघायचाय, काका?"

"इथे खड्डा खणायला माणसं लागतात, मास्तर," ते म्हणाले. "आमच्याकडे भाड्याने खणून घेत नाहीत. शेजारी खणतात. माझा कोण खणणार? ती आणि तू?"

मी म्हटलं, लोक येतील. तेवढं तर येतीलच. मी खूप बोललो. काका ऐकत होते, वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा ऐकतो तसे.

"तिला सांगू नकोस मी असं म्हणालो," ते म्हणाले. "सांग, म्हाताऱ्याला दाट हवा पाहिजे."

मी तसंच सांगितलं. मार्लेनीने माझ्याकडे बघितलं आणि कारण विचारलं नाही. नोकरी धरून तिला पुरते चार महिने झाले नव्हते, तेव्हा तिने ती सोडली. बार्रेदांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी प्रवासासाठी एक छोटा सिलिंडर दिला. यंत्र परत नेलं.

निघायच्या दिवशी सगळं गाव आलं. कापडात बांधलेलं चीज आणलं, भाजलेला मका आणला, कोणी एक कोंबडी आणली, जिवंत, पाय बांधलेली. लेओविकाका आले, त्यांनी अंतेनोरकाकांचे दोन्ही हात हातात घेतले. "परत या हं," म्हणाले. आमच्याकडे पाहुण्याला असंच म्हणतात. काकांनी मान हलवली. त्यांना व्हॅनमध्ये उचलून ठेवायला लेओविकाकांच्या थोरल्याने हात लावला. मार्लेनी पुढच्या सीटवर बसली, मांडीवर कोंबडी. तिने मला हात केला. व्हॅन वळणावर गेली.

पावसाळा संपल्यावर तिचा फोन आला. ती पुन्हा एका कारखान्यात लागली होती, औषधांच्या. खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

"काका कसे आहेत?"

"श्वास छान घेतात. नळी दिवसातून थोडाच वेळ लागते. पण बोलत नाहीत."

"रागावलेत?"

"नाही. जेवण दिलं की आभार मानतात."

मी गावच्या बातम्या सांगितल्या. शाळेला नवं छप्पर आलं. झऱ्यावरचं तळं आटलं. पाटाची साफसफाई गेल्या आठवड्यात झाली, सगळं गाव फावडी घेऊन वर गेलं होतं.

"आमच्या वाटणीचा तुकडा कोणी केला?" तिने विचारलं.

पाट साफ करताना प्रत्येक घराला काठीने मोजून तुकडा देतात. किलिचेंचा मोठ्या खडकाखालचा, गाळाचा, सगळ्यात कष्टाचा. अंतेनोरकाका तो दर वर्षी एकटे काढायचे.

खोटं सांगता आलं असतं. मी केला, असं.

"वाटण्या नव्याने पाडल्या," मी म्हटलं. "आता तो तुकडा कोणाचा असा वेगळा नाही. दोन्हीकडच्यांत गेला."

तिच्याकडून गाड्यांचे आवाज येत होते.

"बरं," ती म्हणाली.